एका हाताचा रंग

मोठ्या घराच्या लांब खोलीत पांढरा कोट घातलेली एक तरुण बाई गुडघे टेकून, ऑपरेशनच्या चाकूने भिंत खरवडत बसली होती. रंगारी दारात उभा राहून हा प्रकार बघत होता. एक तर ही बाई वेडी आहे किंवा आपण तरी, असं त्याच्या मनात आलं. दुसरी शक्यता त्याच्या स्वतःच्या घरात गेले सहा महिने बोलली जात होती, त्यामुळे त्याने तोंड उघडलं नाही.

"या काका," ती म्हणाली. "तुमचीच वाट बघत होते. मी डॉक्टर."

"कुणाला काय झालंय?"

"भिंतीला," असं म्हणून ती हसली. जुन्या इमारतींचे रंग, गिलावे, लाकडं यांचा अभ्यास करून आपण डॉक्टर झालो, असं तिने समजावून सांगितलं. रंगाऱ्याला ते नीटसं कळलं नाही. कोट डॉक्टरचा, पण त्यावर चुना. चाकू डॉक्टरचा, पण रोगी उभाच्या उभा आणि दगडमातीचा. तरी बाईचं बोलणं गोड होतं, म्हणून तिला डॉक्टरबाई म्हणायचं त्याने ठरवून टाकलं.

आता हा रंगारी कोण ते सांगायला हवं. वय चौऱ्याहत्तर, अंगाने काटकुळा, कानाच्या पाळीवर कुठला ना कुठला रंग कायमचा बसलेला. गावात त्याला ‘दोनहात्या’ म्हणत. रंगाच्या धंद्यात ‘हात’ म्हणजे भिंतीवरून एकदा पूर्ण फिरवलेला रंग. पहिला हात भिंत पिऊन टाकते, दुसरा माणसांना दिसतो. घाईतलं गिऱ्हाईक म्हणायचं, एकच हात मारा हो, भागेल. की हा ब्रश बादलीत टाकून सरळ घरी चालू लागायचा. "एका हाताचा रंग म्हणजे अर्धी दाढी. न्हाव्याने तुम्हाला अर्ध्या दाढीवर कधी उठवलंय का?" असं जाता जाता विचारायचा. उभ्या आयुष्यात त्याने एका हातावर भिंत सोडली नव्हती. ही त्याची ऐट होती. आणखीही एक ऐट होती, ती पुढे येईलच.

मोठ्या घराला मोठं घर यापलीकडे नाव कधी पडलंच नाही. दोन मजले, बावन्न खिडक्या, दगडी पायऱ्या आणि मधोमध ही लांब खोली. हिच्या एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाच्या माणसाला पत्ता लागत नसे. मालकांच्या वेळी इथे पाहुण्यांची बैठक होती. रंगाऱ्याच्या वडिलांनी तिला मोतिया रंग दिला, तेव्हा मालकीणबाई गळ्यातला मोत्यांचा सर काढून भिंतीला लावून बघत होत्या, जुळतोय का म्हणून. तीनदा जुळला नाही. चौथ्यांदा जुळला, तेव्हा वडील म्हणे आनंदाने शिडीवरच बसून राहिले.

पुढे मालक गेले, मुलं आपापसात भांडून चार दिशांना पांगली, आणि घराला वाली उरला नाही. आधी तिथे शाळा आली. मोतिया भिंतीत खिळे ठोकून फळे टांगले आणि रंग दिला पिवळा. शाळेची इमारत झाल्यावर हॉस्पिटल आलं, रंग हिरवा. आजाऱ्याच्या डोळ्यांना हिरवा बरा, असं कुणीतरी साहेबांच्या डोक्यात भरवलं होतं. हॉस्पिटल हललं, जमीन मोजणीचं ऑफिस आलं, रंग सायीचा. महिन्याभरात कारकुनांनी बोटं पुसून पुसून सायीचा शाईचा केला. ऑफिस गेलं, एका मांडववाल्याने लग्नाचा हॉल केला, रंग गुलाबी. शेवटी खताचं गोदाम झालं आणि पांढरा चुना बसला, पोती कशाला रंगाची तक्रार करतील. मग छप्पर गळायला लागलं, पोती भिजली आणि दाराला कुलूप पडलं. इतकी वर्षं हे उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्या सरकारला आता एकाएकी साक्षात्कार झाला होता, की हा तर आपला वारसा. इथे संग्रहालय करायचं आणि खोल्या मालकांच्या वेळी होत्या तशाच्या तशा करायच्या.

शाळेचा रंग रंगाऱ्याने वडिलांबरोबर मारला होता, त्यानंतरचे सगळे एकट्याने. त्यामुळे घराचे सगळे अवतार त्याच्या बोलण्यात एकमेकांच्या मांडीवर बसत. जिन्याखालच्या खोलीला तो ‘सातवी ब’ म्हणे, तिच्या शेजारच्या खोलीला ‘एक्स-रे’ आणि दोन्हींमधल्या बोळाला ‘नवरीकडचे’. ऐकणाऱ्याचं डोकं गरगरायचं. त्याचं स्वतःचं आजवर कधी गरगरलं नव्हतं.

डॉक्टरबाईने भिंतीवर पोस्टकार्डाएवढी जागा खरवडून तिथे बारीक पायऱ्या केल्या होत्या. एकेक पायरी एकेक रंग खाली उतरत होती. ते रंगाऱ्याला बघवेना. आपण जन्मभर झाकत आलो आणि ही पोर सगळं उघडं करत सुटली आहे.

"वरून खाली मोजा, काका."

"पांढरा, गोदाम. गुलाबी, लग्न. सायीचा, ऑफिस. आणि हा..." त्याचं बोट थांबलं. सायीच्या खाली निळसर हिरवा पट्टा होता. त्याच्या खाली सरळ हिरवा, मग पिवळा, मग मोतिया.

"सात," डॉक्टरबाई म्हणाली.

"सहा," रंगारी म्हणाला.

"काका, सात दिसतायत."

"दिसू देत. मारलेत सहा."

पुन्हा मोजले, सातच. त्याने चष्मा पुसला, पुन्हा मोजले. निळसर पट्टा आपल्या जागेवरून हलला नाही. हा रंग त्याने आयुष्यात कधी कालवला नव्हता. असला कळकट निळसर हिरवा कुणी मागितलाही नव्हता, आणि मागितला असता तर त्याने दिलाही नसता.

डॉक्टरबाईची अडचण साधी होती. घराचे कागद वाळवीने खाल्ले होते, उरला होता फक्त रंगारी. खोली सहा वेळा रंगवली असं तो सांगत होता. तिने वरून हिशोब लावला. चौथा थर निळसर, तो हॉस्पिटलचा धरायचा. मग हिरवा शाळेचा, पिवळा मालकांचा आणि तळाचा मोतिया नुसतं अस्तर.

"म्हणजे मालकांची बैठक पिवळी होती," ती म्हणाली.

"पिवळी? मालकीणबाईंनी मोत्यांचा सर लावून बघितला होता! मोती कावीळ झालेले होते काय?"

"तुम्ही बघितलंत?"

"माझ्या वडिलांनी."

"मग हा निळसर कोणाचा?"

रंगाऱ्याने पुन्हा चष्मा पुसला. डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाली, "सोमवारी मला अहवाल द्यायचा आहे, काका. तोपर्यंत आठवून बघा. नाहीतर तुमची साक्ष बाजूला ठेवावी लागेल. राग मानू नका."

राग त्याने मानलाच नाही. त्याला भीती वाटली, आणि ती वाटायला कारण होतं. मागच्या महिन्यात तो मोठ्या घराच्या, शाळेच्या वेळच्या फाटकावर अर्धा तास कडी वाजवत उभा होता. फाटक पंचवीस वर्षांपूर्वी विटांनी बुजवलेलं, कडी कुठली, तो विटांवरच ठोकत होता. त्याच्या आधी चष्मा शोधत घर पालथं घातलं आणि चष्मा नाकावर निघाला. असं कुणाचंही होतं. पण त्याच्या मुलाने हे सगळं मनात टिपून ठेवलं होतं.

मुलाचं रंगाचं दुकान होतं. दुकानात एक मशीन होतं, नंबर दाबला की डब्यात शेड तयार. बाप त्या मशीनकडे सवतीकडे बघावं तसं बघायचा. मुलगा वाईट नव्हता, काळजीने बोलायचा, पण काळजीत त्याचा आवाज चढायचा. बापाला स्कूटरवर घालून तोच घेऊन आला होता. दारात उभा राहून त्याने सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, बाबांच्या बोलण्यावर फार जाऊ नका," तो बापासमोरच म्हणाला. "त्यांचं हल्ली थोडं इकडचं तिकडे होतं."

"माझं काही इकडचं तिकडे होत नाही," रंगारी म्हणाला. आणि निघताना जिन्याकडे वळून, बाहेर जायचं दार समजून त्याने एका कपाटाचं दार उघडलं. ते ऑफिसच्या वेळी बाहेरचंच दार होतं, पण हे सांगणार कुणाला.

घरी त्याची बायको भाजी निवडत बसली होती. बेचाळीस... छे, बावन्न वर्षांचा संसार, हा आकडासुद्धा त्याला हल्ली दोनदा मोजावा लागे. बाई कमी बोलायची. लोकांना वाटे नवरा बोलतो म्हणून तिला संधी मिळत नसेल.

"सात थर निघालेत म्हणे," तो धुमसत म्हणाला. "आम्ही बापलेकांनी सहा मारले. सातवा काय भुताने मारला?"

"कुठल्या खोलीत?"

"लांब खोलीत. वॉर्डात."

"कसला रंग आहे?"

"कसला म्हणजे? निळसर हिरवा. शेवाळ आलेल्या टाकीसारखा. कुठल्या गाढवाने मारलाय कोण जाणे!"

तिने निवडलेली भाजी निवडायच्या भाजीत टाकली, परत वेगळी केली आणि म्हणाली, "सात असतील हो. कशाला जिवाला त्रास करून घेता?"

रंगाऱ्याला ते फार लागलं. मुलाचं एक ठीक होतं, तो मशीनचा माणूस. पण हीसुद्धा आपल्याला समजूत घालण्याचं गिऱ्हाईक समजते, म्हणजे आपण खरंच संपलो, असं त्याला वाटलं. तो उठून ओट्यावर जाऊन बसला.

आता त्याच्या दुसऱ्या ऐटीबद्दल. मोठ्या घराला हॉस्पिटलचा हिरवा रंग देताना तो लांब खोलीत शिडीवरून पडला होता. डोक्याला नऊ टाके पडले. हॉस्पिटलच्या दोन खोल्या आधीच सुरू झाल्या होत्या, तेव्हा उचलून शेजारच्याच खोलीत आणून टाकलं. त्या खोलीतला पहिला पेशंट तोच. वॉर्डाला तोवर हिरव्याचा एकच हात झाला होता आणि चार दिवसांवर वरिष्ठांची पाहणी होती. व्यवस्थापक म्हणाले, थांबता येणार नाही, बाजारातल्या रंगाऱ्याला बोलावतो. आणि चौथ्या दिवशी बघतात तर काय, डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत दोनहात्याने दुसरा हात पुरा केलेला! व्यवस्थापकांनी पाठीवर थाप मारली. तेव्हापासून मोठ्या घराचं प्रत्येक काम त्याच्याकडे आलं, आणि मोठ्या घराचं काम करणारा माणूस म्हणून गावातली निम्मी कामं आली. ही गोष्ट त्याने किती जणांना सांगितली असेल याला गणती नाही. पडल्याचं त्याला आठवत होतं, थाप आठवत होती. मधलं पुसट होतं. पण सांगून सांगून तेही आता स्वच्छ दिसायचं: पट्टी, ब्रश, शिडी, डोळ्यांवर येणारा घाम.

शनिवारी सकाळी मुलगा दुकानात गेल्यावर रंगारी कुणाला न सांगता मोठ्या घरी गेला. डॉक्टरबाई वरच्या मजल्यावर होती. त्याने लांब खोलीत त्या पायऱ्यांपुढे बसकण मारली आणि निळसर पट्ट्यावर अंगठा घासला. अंगठ्याला पीठ लागलं.

तो चमकला. पुन्हा घासला, पुन्हा पीठ. म्हणजे या रंगात सरस नव्हता. पाण्यातला रंग भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात सरस शिजवून घालतात, तो डिंकासारखा चिकटतो. सरस नसेल तर रंग वाळून नुसती पावडर होतो. वडिलांनी त्याला ब्रश धरायच्या आधी सरस शिजवायला शिकवलं होतं. मग त्याने नखाने पट्ट्याची कड उकरून जाडी बघितली. एकच हात. खालचा हिरवा बघितला, तोही एकच हात.

रंगाऱ्याने दोन्ही पुन्हा उकरून बघितले. हिरव्याचे दोन हात आपण मारले, हे तर अख्ख्या गावाला ठाऊक. मग दुसरा हिरवा गेला कुठे? आणि त्याच्या जागी हा एका हाताचा, बिनसरसाचा, शेवाळी रंग कोणी आणून बसवला? बाजारातल्या रंगाऱ्याने? तो तर कधीच वर गेला, आणि सरस घालायची अक्कल त्यालाही होती. उरला कोण? आपण. म्हणजे पट्टी बांधून आपण उठलो, वेड्यासारखा भलताच रंग कालवला, सरस विसरलो, एक हात मारला आणि छाती काढून गावभर सांगत सुटलो. म्हणजे डोकं आत्ता कुठे बिघडत नाहीये. ते तेव्हाच बिघडलं होतं, आणि इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही.

तो उठला. घरी जायला निघाला, पण समोर आलेलं दार विटांनी बुजवलेलं होतं. वळला तर एक्स-रेची खोली, पण तिथे आता नुसत्या शिड्या रचलेल्या. त्याला वाटलं नवरीकडच्यांतून जावं, तर बोळात नवी भिंत. कुठल्या वर्षातून कुठल्या वर्षात शिरतोय तेच त्याला कळेना. शेवटी सातवी ब मध्ये, म्हणजे जिन्याखाली, तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. पहारेकऱ्याने बघितलं, हाका मारल्या. "काका, बाहेर कसं जायचं विसरलात का?" म्हणून विचारलं. रंगारी म्हणाला, "कुठल्या बाहेर?" पहारेकऱ्याने मुलाला फोन लावला.

त्यानंतर घरात काही लपवाछपवी उरली नाही. मुलगा म्हणाला, "सोमवारी मी येतो आणि मॅडमना सरळ सांगतो, बाबांचं नाव अहवालात नको. उगाच उद्या लोकांत हसं नको. मंगळवारी आपण डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं. आणि आजपासून एकट्याने बाहेर पडायचं नाही, बाबा. ऐकताय ना?"

रंगारी ऐकत होता. त्याने नुसती मान हलवली. भांडला असता तर बरं झालं असतं, असं बायकोला वाटलं. बावन्न वर्षांत हा माणूस वाद न घालता गप्प बसलेला तिने पाहिला नव्हता. तो आपल्या अंगठ्याकडे बघत बसला होता.

"काय बघताय?"

"यात सरस नाही," तो म्हणाला. "मी सरस विसरलो गं. मी!"

ती ताटं घ्यायला उठली. पण सोमवारी सकाळी बापलेक निघाले, तेव्हा चपला घालून तीही दारात उभी.

"तू कशाला आई?" मुलगा म्हणाला. "स्कूटरवर तिघं कुठे बसणार?"

"मग चालत जाऊ."

तिघं चालत गेले. हॉस्पिटल हललं तेव्हापासून तिने त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. नवऱ्याचं काम चाललेलं असलं तरी डबा ती फाटकातूनच देऊन जायची. लांब खोलीत आल्यावर ती कुणाला काही न विचारता त्या पायऱ्यांपाशी गेली, वाकून निळसर पट्टा बघितला आणि पदराने तोंड पुसलं.

मुलाने घसा खाकरला. "मॅडम, बाबांच्या साक्षीबद्दल सांगायचं होतं. ते काढून टाका. त्यांना आता..."

"थांब जरा," बायको म्हणाली. मग डॉक्टरबाईकडे वळली. "हा रंग मी मारलाय."

कुणाला काही कळलं नाही. रंगाऱ्याला वाटलं, चला, आता हिचंही डोकं गेलं, निदान सोबत झाली.

"काकू, तुम्ही?" डॉक्टरबाई म्हणाली.

"हे पडले होते ना तेव्हा. व्यवस्थापक म्हणाले, पाहणीपर्यंत भिंत अशीच राहिली तर दुसरा माणूस आणतो. एकदा दुसरा माणूस आत आला की तो कुठला बाहेर जातोय? हा तेव्हा नऊ महिन्यांचा." तिने मुलाकडे हनुवटी केली. "याला त्या खिडकीत गोधडीवर टाकायचा आणि हात चालवायचा. दुपारी सगळे जेवायला गेले की यायचे. दोन दुपारी लागल्या. हिरव्याची भुकटी दोन मुठी उरली होती. तेवढ्यात काय होतंय? मग चुना घेतला आणि हॉस्पिटलच्या धोब्याकडून नीळ आणली, कपड्यांना घालतात ती. ओला होता तेव्हा अगदी हिरव्यासारखा दिसायचा हो. वाळल्यावर असा झाला."

"आई, काहीतरीच काय?" मुलगा म्हणाला. "बाबांनीच पुरा केला तो रंग. सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला मी सांगितलं नव्हतं." तिने भिंतीवर वर बोट दाखवलं. "बाई, तिथे वर खरवडून बघा. शिडीची मला भीती वाटते. खाटेवर उभी राहून जेवढा हात पोचला तेवढाच मारला. वर हा रंग नाही सापडायचा."

डॉक्टरबाई शिडी घेऊन वर चढली. खाली तिघंजण माना वर करून उभे. चाकूचा बारीक आवाज बराच वेळ येत राहिला.

"पांढरा," ती वरून म्हणाली. "गुलाबी. सायीचा. हिरवा. पिवळा. मोतिया." मग थोडं थांबून, "सहा. काका, सहाच आहेत! मालकांची बैठक मोतियाच होती."

मुलगा खाली बघायला लागला. मग डॉक्टरबाईला म्हणाला, "ते नाव काढायचं म्हटलं होतं ना मी, ते राहू द्या." डॉक्टरबाई शिडीवरूनच वहीत भराभर लिहीत होती.

रंगाऱ्याला काही सुधरेना. डोकं शाबूत होतं, हे सिद्ध झालं होतं, आणि त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच डोक्यात इतकी वर्षं फिरणारा तो पट्टीवाला माणूस, त्याचा ब्रश, त्याचा घाम, सगळं एका मिनिटात पुसलं गेलं होतं. बायकोने ते पुसलं होतं, त्याच्यासाठीच. पुसलं नसतं तर उद्या त्याला डोक्याच्या डॉक्टरपुढे बसावं लागलं असतं. हे त्याला कळत होतं. तरीही त्याला तिचा राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ इतकं वाईट वाटलं, की नक्की कोणाबद्दल वाटतंय तेही समजेना.

"मग चौथ्या दिवशी मी काय केलं?" त्याने विचारलं.

"उठलात. मला धरून इथवर आलात. भिंत बघितलीत आणि म्हणालात, झालं एकदाचं. तेवढ्यात व्यवस्थापक आले. त्यांनी पाठ थोपटली. तुम्ही मान हलवलीत."

"आणि तू बघत राहिलीस?"

"संध्याकाळी सांगणार होते. तोवर तुमचं शेजारच्या खाटेला सांगून झालं होतं. दुसऱ्या दिवशी अख्खी खोली ऐकत होती. इतके खूश होतात तुम्ही. मध्येच कुठे बोलायचं?"

"आज बरं बोललीस!"

"आज तुम्ही भांडत नव्हतात," ती म्हणाली.

रंगारी भिंतीपाशी गेला. ऑफिसचा सायीचा रंग मारायच्या आधी ही भिंत घासताना बादलीभर पावडर निघाली होती आणि ओलीने हिरवा विटून निळा पडलाय म्हणून त्याने भिंतीला आईबहिणीवरून शिव्या दिल्या होत्या, ते त्याला आठवलं. तेव्हा डबा घेऊन ती फाटकात उभी होती. त्याने निळसर पट्ट्यावर अंगठा टेकवला, घासला मात्र नाही. मग त्याला येत होतं तेच तो बोलला.

"सरस घालायचा असतो गं यात. आणि एका हातावर भिंत सोडत नाहीत. मी शेजारच्याच खोलीत होतो ना? येऊन विचारायचंस तरी."

"विचारलं होतं," ती म्हणाली. "रोज येऊन विचारत होते, काय काय घालू म्हणून. तुम्ही मला सिस्टर म्हणत होतात."